खिडकीजवळची जागा

कोलकात्याच्या डलहौसी चौकात, म्हणजे आजच्या बिनय-बादल-दिनेश बागेच्या परिसरात, ज्याने तीस-पस्तीस वर्षे नोकरी केली, त्याला त्या चौकाविषयी काही विचारून पाहावे. बसचे क्रमांक तो तोंडपाठ सांगेल. कोणत्या दाराने चढले असता उतरताना सोयीचे पडते, तेही सांगेल. परंतु रायटर्स बिल्डिंगच्या माथ्यावर कोणाचा पुतळा आहे, किंवा मोठ्या पोस्टाच्या पांढऱ्या घुमटावर ऊन कोणत्या प्रहरी पडते, असे विचारले तर तो क्षणभर घुटमळेल. यात त्याचा दोष नाही. दहाच्या ठोक्याला हजेरीपटावर सही करावयाची असेल, तर माथ्यावरची मिनर्व्हा पाहण्यासाठी मान वर करण्याची सवड कोणाला असणार? शिवाय पोस्टाची इमारत चौकाच्या पश्चिमेला, तोंड पूर्वेकडे करून उभी आहे. तिच्या खांबांवरचे कोवळे ऊन ज्या वेळी पाहण्यासारखे असते, त्या वेळी हा गृहस्थ अजून घरी दाढी करीत असतो.

मग एके दिवशी निवृत्ती येते. पहिले काही आठवडे सुटीसारखे जातात. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून होते, मोडका नळ दुरुस्त होतो, विम्याचे आणि निवृत्तिवेतनाचे कागद लागी लागतात. त्यानंतर मात्र सकाळचे अकरा वाजले की घरात एक चमत्कारिक पोकळी जाणवू लागते. चाळीस वर्षे जो मनुष्य त्या वेळी कधी घरात नव्हता, तो आता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून डाळीला किती वेळ लागतो याची चौकशी करतो. (गृहिणीला निवृत्ती नसते, ही गोष्ट पुष्कळांना स्वतः निवृत्त झाल्यावर प्रथमच कळते.) कोणालाच आपली निकड उरलेली नाही, ही जाणीव दिवसाच्या त्या प्रहरी फार बोचते. देवदर्शन, पत्त्यांचा डाव, बागेतील बाकावरची मंडळी हे सर्व उपाय आहेतच, आणि ते वाईटही नाहीत. त्यांत आणखी एका उपायाची भर घालता येते. कॅमेरा घ्यावा, खिशात सुटे पैसे टाकावे, आणि ज्या शहरात आयुष्य गेले ते शहर ट्राम, बस, होडी, आगगाडी अशा सार्वजनिक वाहनांनी नव्याने पाहावयास निघावे.

कॅमेऱ्याविषयी आधी थोडे बोलून मोकळे व्हावे हे बरे. तो भारी किमतीचा असण्याची काहीच गरज नाही. सेवानिवृत्तीच्या रकमेतून घेतलेली जड यंत्रे आणि लांबलचक भिंगे पुढे कपाटात पडून राहतात, कारण मानेला आणि खांद्याला ती पेलत नाहीत. हलका कॅमेरा, अथवा खिशातील फोनमधला कॅमेरासुद्धा, या कामाला पुरतो. एके काळी छत्तीस चित्रांची फिल्म पुरवून पुरवून वापरावी लागे. आता तो धाक गेला. मात्र त्या धाकाबरोबर थांबून पाहण्याची सवयही गेली, हे अनेक जुने हौशी छायाचित्रकार मान्य करतील. दिवसाला छत्तीसच चित्रे काढावयाची असा नेम आजही कोणी स्वतःला घालून घेतला, तर त्यात त्याचे नुकसान होणार नाही.

वाहन मात्र सार्वजनिकच हवे. स्वतःच्या मोटारीत बसलेल्याचे निम्मे चित्त मोटार कोठे उभी करावी यात असते, आणि भाड्याच्या गाडीत मीटरवर. बसच्या किंवा ट्रामच्या खिडकीशी बसलेला मनुष्य रस्त्यापासून हातभर उंच असतो. दुकानांच्या पाट्यांवरची गच्ची, गच्चीवरचे लोखंडी कठडे, तिथे वाळत घातलेली धोतरे त्याला सहज दिसतात. मनात आले की उतरावे, काम झाले की मागून येणाऱ्या गाडीत बसावे. साडेदहानंतर कचेऱ्यांची गर्दी ओसरलेली असते, आणि ज्या जागेसाठी पूर्वी धक्काबुक्की केली, ती खिडकीजवळची जागा आता आपसूक मिळते.

सबंध भारतात या कामाला कोलकात्याच्या ट्रामइतके अनुरूप वाहन दुसरे झाले नाही. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदहपासून आर्मेनियन घाटापर्यंत घोड्यांची ट्राम प्रथम धावली. पण तोटा होऊन त्याच वर्षी नोव्हेंबरात ती बंद पडली. १८८० मध्ये नवी कंपनी निघाली आणि घोडे पुन्हा जुंपले गेले. मध्यंतरी वाफेची इंजिनेही वापरून पाहिली गेली. १९०२ साली एस्प्लनेडहून खिदिरपूरकडे विजेची ट्राम निघाली, आणि पुढे शतकभर या शहराच्या चालण्याला ट्रामनेच ताल दिला. १९४३ मध्ये हावड्याचा नवा पूल खुला झाला, तेव्हा त्यावरून पहिले वाहन गेले ते ट्रामच. १९५३ मध्ये दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवताच शहर पेटून उठले. १९५४ च्या ऑक्टोबरात कवी जीवनानंद दास यांना रासबिहारी अव्हेन्यूवर ट्रामचा धक्का लागला आणि आठ दिवसांनी त्यांचा अंत झाला. सत्यजित राय यांचा १९६३ चा ‘महानगर’ हा चित्रपट सुरू होतो, तोच तारेवरून सरकणाऱ्या ट्रामच्या दांड्यावर आणि त्यातून उडणाऱ्या ठिणग्यांवर. एवढ्या भानगडी, एवढे काव्य आणि एवढे दुःख दुसऱ्या कोणत्या वाहनाच्या वाट्याला आले असेल?

श्यामबाजार ते एस्प्लनेड ही पाच क्रमांकाची वाट नमुना म्हणून घ्यावी. ट्राम मिळाली तर ट्रामने, न मिळाली तर बसने, पण वाट हीच. ती बहुतांशी उत्तर-दक्षिण जाते, आणि छायाचित्रकाराच्या दृष्टीने हीच तिची किल्ली आहे. सकाळी श्यामबाजारहून दक्षिणेकडे निघालेल्याने उजव्या हाताच्या खिडकीशी बसावे; रस्त्याच्या पश्चिम अंगाच्या इमारतींची तोंडे पूर्वेला असल्यामुळे ऊन त्यांच्यावर पडलेले असते. दुपारनंतर हिशेब उलटतो. मुंबई-पुण्याकडून आलेल्या माणसाला येथे आणखी एक गोष्ट शिकावी लागते. घड्याळ तेच असले तरी कोलकात्याचा सूर्य मुंबईच्या सुमारे तासभर आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. जूनमध्ये पाचच्या आतच उजाडते, आणि डिसेंबरात संध्याकाळचे पाच वाजतात न वाजतात तोच ऊन संपते. कर्कवृत्त शहराच्या थोडे उत्तरेकडून जात असल्याने जूनच्या मध्यावर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो. त्या दिवसांत रायटर्स बिल्डिंगचा दक्षिणाभिमुख दर्शनी भाग भर दुपारी सावलीत असतो; हिवाळ्यात तोच दिवसभर उन्हात न्हाऊन निघतो. एकाच इमारतीचे चित्र ज्याला दोन्ही ऋतूंत काढावयाचे आहे, त्याला सहा महिने वाट पाहावी लागते. वाट पाहण्याची ही चैन नोकरदाराला परवडत नाही.

श्यामबाजार सोडल्यावर हातीबागान लागते. तेथे स्टार थिएटर आहे. हातीबागानची ही नाट्यशाळा १८८८ ची. १९९१ मध्ये ती जळाली आणि २००४ मध्ये पुन्हा उभी राहिली. पुढे हेदुआच्या तळ्याजवळ बेथून कॉलेज. त्याचे मूळ म्हणजे १८४९ ची मुलींची शाळा, पुण्याच्या भिडेवाड्यातील शाळेहून एका वर्षाने धाकटी. मग ठनठनियाचे कालीमंदिर. येथे गाडीतल्या निम्म्या उतारूंचे हात नकळत कपाळाकडे जातात. वाचणाऱ्याची दृष्टी कागदावरून हलत नाही, पण हात वर जातो. हे चित्र घेण्याचा मोह अनावर असतो, आणि बहुधा ते साधत नाही, कारण हात वर जाऊन खाली यावयास एक क्षण पुरतो आणि कॅमेरा डोळ्याला लावण्यास दोन लागतात. त्यानंतर कॉलेज स्ट्रीट. पदपथावर पुस्तकांच्या टपऱ्यांची रांग, समोर प्रेसिडेन्सी, पलीकडे विद्यासागर जेथे प्राचार्य होते ते संस्कृत कॉलेज. येथे उतरलेच पाहिजे. उतरून पुस्तक घ्यावे, कॉफी हाउसच्या जिन्याला गुडघे तयार असतील तर वरही जावे.

चालत्या ट्राममधून चित्र काढण्याची एक रीत आहे. कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकू नये; टेकले की गाडीची सारी थरथर कॅमेऱ्यात उतरते. कोपरे अंगाशी घट्ट धरावी आणि शरीरालाच कमान होऊ द्यावे. ताशी वीस किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या २५० व्या भागात दोन सेंटिमीटरांहून थोडी अधिक सरकते. दूरच्या घुमटाला त्याने काही होत नाही, जवळच्या चेहऱ्याची मात्र रेघ होते. म्हणून जवळचे ते गाडी थांबल्यावर घ्यावे. कोलकात्याच्या अरुंद रस्त्यांत ती थांबतेच. पुढे हातगाडी आडवी येते, ट्रामचालक पायाखालची घंटा ठणठणावतो, कोणी हलत नाही, सगळे उतारू उसासे टाकतात. आणि खिडकीशी बसलेला एक म्हातारा तेवढा खूश असतो.

वाटेच्या शेवटी, एस्प्लनेडच्या जवळ, बोर्न अँड शेफर्ड या छायाचित्रकारांच्या पेढीची इमारत लागते. सॅम्युअल बोर्न यांच्या नावाची ही पेढी एकोणिसाव्या शतकात निघाली, व्हाइसरॉयपासून संस्थानिकांपर्यंत सगळे तिच्या कॅमेऱ्यापुढे बसले, आणि २०१६ मध्ये तिने दार लावून घेतले. स्टार थिएटर जळाले त्याच १९९१ साली या पेढीलाही आग लागली होती आणि जुन्या काचपट्ट्यांचा आणि चित्रांचा फार मोठा संग्रह तीत नष्ट झाला. नाट्यगृह पुन्हा बांधता आले. जळालेल्या काचपट्ट्या कोणत्या गवंड्याने बांधाव्या?

ट्रामची गोष्टही या दिशेनेच गेली. हावड्याच्या पुलावरून १९९३ मध्ये ती उठली. उड्डाणपुलांसाठी, भुयारी रेल्वेसाठी एकेक वाट बंद होत गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केले की मैदानाला लागून जाणारा एस्प्लनेडचा एक तुकडा वारसा म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करावयाची. कारण देण्यात आले ते रस्त्यांच्या अरुंदपणाचे आणि वाहतुकीच्या खोळंब्याचे. ट्रामप्रेमी नागरिकांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होतेच. धूर न सोडणारे आणि भाड्याला स्वस्त वाहन रस्त्यातील अडचण ठरावे, आणि एकेका माणसाला घेऊन चाललेल्या मोटारी ठरू नयेत, हा न्याय उलटा आहे. निवृत्त छायाचित्रकाराला या वादात मत असेल तर त्याने ते अवश्य द्यावे. परंतु आपल्या चित्रांनी ट्राम वाचेल असा भ्रम त्याने बाळगू नये. त्याचे काम वेगळे आहे. सुट्टीच्या दिवशी येणारे हौशी लोक एस्प्लनेडच्या हिरवळीवरून वळणाऱ्या ट्रामचे चित्र काढतात आणि ते शेकड्यांनी निघते. पण गाडीच्या आतील लाकडी बाके, बायकांच्या जागांवरची पाटी, तिकिटे फाडणाऱ्या वाहकाची बोटे, आगारातील तेलकट फरशी, रूळ बदलणारा मनुष्य, ही चित्रे त्याच मार्गावर वारंवार जाणारालाच मिळतात. तो वाहक आठवडाभर त्याला पाहतो, मग एके दिवशी स्वतःच विचारतो, “काय हो, रोज काय काढता?” त्यानंतर काढलेले चित्र निराळे उतरते.

नदीची वाट ट्रामइतकीच जुनी वाटते. पण हुगळीच्या काठाने जाणारी चक्ररेल्वे १९८४ ची आहे. प्रिन्सेप घाटापासून निघून ती बडा बाजार, शोभाबाजार करीत बागबाजारकडे जाते. एका बाजूला गोदामांच्या विटकरी भिंती, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि रुळांना खेटून माणसांचे संसार. परतताना होडी धरावी. हावडा, अहिरीटोला, शोभाबाजार, बागबाजार अशा धक्क्यांना लागत ती जाते आणि घाटांची तोंडे, जी रस्त्यावरून कधीच दिसत नाहीत, ती समोर येतात. मात्र येथे कॅमेऱ्याने मर्यादा सांभाळली पाहिजे. घाटावर बाया-बापे स्नानाला उतरलेले असतात. तो त्यांचा नित्याचा आचार आहे, शोभेचा देखावा नव्हे. पुलांवर आणि स्थानकांवरही छायाचित्रणाला निर्बंध असतात. ते आधी विचारून घेतलेले बरे, पांढऱ्या केसांना सूट मिळेल असे गृहीत धरू नये.

शोभाबाजारच्या धक्क्यापासून कुमारटुली जवळच आहे. पेंढ्याचे सांगाडे, त्यांवर गंगेची माती, मग रंग, आणि महालयेच्या सुमारास दुर्गेचे डोळे. पूजेच्या आधी दोन महिने त्या बोळांतून मूर्तिकारांपेक्षा छायाचित्रकार अधिक दिसतात. मूर्तिकाराच्या कोपराला धक्का लागेल इतके जवळ जाऊन चित्रे घेणारे पुष्कळ. निवृत्त माणसाचा लाभ असा की त्याने तेथे माघ-फाल्गुनात जावे. तेव्हा बोळ रिकामे असतात, कारागीर दोन शब्द बोलतो, एखादी बिनडोक्याची सरस्वती कोपऱ्यात उभी असते. हातरिक्षा ओढणाऱ्यांविषयीही हेच. त्यांच्या घामाचे चित्र काढून प्रदर्शनात लावणारे अनेक झाले; त्यांच्याकडून ते चित्र परत दाखवण्यासाठी जाणारे थोडे. रिक्षावाल्याला त्याचे चित्र छापून नेऊन द्यावे. तो ते गावी पाठवतो.

भुयारी रेल्वेत या छंदाला फारसा वाव नाही. एस्प्लनेड ते भवानीपूर अशी देशातील पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी येथेच सुरू झाली, आणि मार्च २०२४ पासून ती हुगळीच्या पात्राखालूनही धावते. नदीखालचा ५२० मीटरांचा बोगदा पाऊण मिनिटात मागे पडतो. खिडकीत त्या वेळी काळोख असतो, आणि काळोखात स्वतःचाच चेहरा. तेव्हा दिवसभर हिंडून पाय दुखू लागले की घरी परतण्यासाठी तिचा उपयोग करावा; ज्येष्ठांसाठी राखलेल्या जागेवर संकोच न धरता बसावे.

मराठी माणसाने बागबाजारला मात्र एकदा मुद्दाम थांबावे. तेथे एका गल्लीचे नाव मराठा डिच लेन असे आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून आल्या, तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्याने आपल्याभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता. तीन मैल खणून झाले, मराठे काही शहरापर्यंत आले नाहीत, आणि काम थांबले. शतकाच्या अखेरीस त्यातील बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड करण्यात आला, म्हणजे आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावांचे रस्ते. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. त्याचा बंगालीत ‘बर्गी’ झाला आणि अंगाईगीतांत जाऊन बसला. मुलांना निजवण्यासाठी तेथे आजही ज्याचे भय घातले जाते, तो आपला बारगीर. गंगाराम नावाच्या कवीने त्या लुटालुटीवर ‘महाराष्ट्रपुराण’ रचले, आणि त्यात गौरव करण्यासारखे काही नाही. पानपतापर्यंतचा इतिहास अभिमानाने वाचलेल्या मराठी गृहस्थाला त्या गल्लीच्या पाटीखाली उभे राहून कॅमेरा डोळ्याला लावताना किंचित अवघडल्यासारखे होते, आणि तसे होणे योग्यच आहे. नंतर सर्क्युलर रोडवरून जाणारी बस पकडून दक्षिणेकडे जावे. खंदकाची वाट होती तिच्यावरून गाडी जात असते. चित्र काढण्यासारखे तेथे जवळजवळ काही नाही.

शेवटी घरी बसून करावयाचे काम राहते, आणि ते बहुतेकजण टाळतात. हजारो चित्रे जमतात, पण कोणते कोठले हे दोन वर्षांनी काढणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि त्याच्या पश्चात तर कोणालाच नाही. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, जागा आणि वाहनाचा क्रमांक लिहावा. रस्त्याचे नवे नाव लिहावे आणि जुनेही लिहावे: विधान सरणी म्हणजे पूर्वीचा कॉर्नवॉलिस स्ट्रीट, लेनिन सरणी म्हणजे धर्मतला, महात्मा गांधी रोड म्हणजे हॅरिसन रोड. लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावे असतात, आणि ती बोलणारे एकेक करून कमी होत आहेत. चित्रात जे आले नाही, पण तेथे होते, त्याचीही एक ओळ असावी: पाऊस नुकताच थांबला होता, गाडी वीस मिनिटे अडकली होती, शेजारचा उतारू कंपनीच्या काळातील संपाविषयी बोलत होता. ट्रामचे तिकीट टाकून न देता वहीत चिकटवावे. त्यावरची शाई दोन-तीन वर्षांत पुसट होते, म्हणून भाडे किती पडले ते शेजारी पेनाने लिहून ठेवावे.